कोल्हापूरची गादी: छत्रपती कोण, दत्तक कसे, आणि नावे पुन्हा पुन्हा का येतात

तुमचे पत्र मिळाले. शाळेच्या स्मरणिकेसाठी तुम्ही कोल्हापूरच्या राजघराण्याची वंशावळ काढायला घेतलीत आणि तीन ठिकाणी अडलात. आज घरातली सगळीच मंडळी नावापुढे 'छत्रपती' लावतात, मग छत्रपती एक की अनेक? शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू हीच नावे फिरून फिरून येतात, मग कोणता राजा कोणता? आणि गादी इतक्या वेळा दत्तकाने चालली असेल, तर या घराण्याला शिवछत्रपतींचे वंशज म्हणायचे का? शेवटचा प्रश्न तुम्ही जरा संकोचाने विचारला आहे. संकोचाचे कारण नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हा मुद्दा जाहीर भाषणांतून आला होता, आणि त्या वेळी बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कागद पाहिले होते.

मी गेली सत्तावीस वर्षे करवीर रियासतीचे मोडी कागद वाचतो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, आणि तुमच्या तीनही अडचणी तिच्यापाशीच सुटतात. कोल्हापुरात माणूस गादीवर बसला की तो गादीचा होतो. त्याचे जुने नाव जाते, जुने आडनाव जाते, जन्मदाते आईबाप कागदापुरते मागे पडतात. किताब, नाव, देव, मान हे सगळे गादीचे असते. हे ध्यानात घेतले नाही तर वंशावळ काढताना पानागणिक अडखळायला होते.

आधी गादी कुठून आली ते पाहू. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजीराजे छत्रपती झाले. त्यांच्यामागे थोरले पुत्र संभाजी महाराज, आणि १६८९ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर धाकटे पुत्र राजाराम महाराज. १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. त्यांच्या राणी ताराबाई, हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, यांनी आपला मुलगा शिवाजी याला गादीवर बसवून औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि एका राज्याला दोन दावेदार झाले. शाहूंचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यास झाला. ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. तीच आजची करवीरची, म्हणजे कोल्हापूरची गादी. सातारा ही थोरल्या मुलाची शाखा, कोल्हापूर धाकट्याची. १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही गाद्यांनी एकमेकींना मान्यता दिली आणि वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे आला.

त्या तहावर कोल्हापूरच्या बाजूने ताराबाईंच्या मुलाचे नाव नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १७१४ मध्येच पन्हाळ्यावर उलथापालथ झाली होती. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले, आणि ताराबाई व त्यांचा मुलगा कैदेत गेले. म्हणजे ज्या बाईने गादी उभी केली तिला त्याच गडावर कैद भोगावी लागली, आणि तिचा मुलगा तिथेच वारला. तहानंतर ताराबाई साताऱ्यास जाऊन राहिल्या आणि १७६१ मध्ये तिथेच वारल्या. तुमच्या वंशावळीत तुम्ही ताराबाईंच्या मुलाखालून सरळ रेघ ओढली आहे. ती रेघ खोडा. कोल्हापूरची गादी राजसबाईंच्या मुलाकडून, संभाजीकडून पुढे जाते.

आता 'छत्रपती' या किताबाचे. जुन्या आज्ञापत्रांचा मायना ठरलेला असतो: 'स्वस्ति श्री राज्याभिषेक शके' अमुक, मग संवत्सर, मास, तिथी, वार, आणि पुढे 'क्षत्रियकुलावतंस श्री राजा शंभुछत्रपति स्वामी यांणी' तमुक यास 'आज्ञा केली ऐसीजे'. या ओळीत नावाच्या आधी 'राजा' आणि नावाला चिकटून 'छत्रपति' येते. हा मान गादीवर बसलेल्या एकट्याचा. त्याच्या भावाला, मुलाला, राणीला या मायन्यात तो कधीच मिळत नाही. त्यामुळे जुन्या कागदात 'छत्रपति' दिसले की त्या दिवशी गादीवर कोण होते एवढेच शोधायचे. गोंधळ वेगळ्या कारणाने होतो. सातारा आणि कोल्हापूर दोन्हीकडे हाच मायना, दोन्हीकडे हाच राज्याभिषेक शक. मी नवखा असताना एक सनद वर्षभर चुकीच्या गादीच्या दप्तरात नोंदवून ठेवली होती. शिक्का पुसट होता, मी नावावरून अंदाज बांधला आणि तिथीवार ताडून पाहिला नाही. तेव्हापासून आधी शक बघतो, मग संवत्सर आणि वार जुळवतो, आणि नाव सगळ्यांत शेवटी. राजशकात, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकापासून मोजलेल्या या शकात, साधारण १६७३ मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला सुरू होते, हे विसरू नका. नाहीतर वैशाखातला कागद एका वर्षाने चुकतो.

आजच्या काळात 'छत्रपती' हे घराण्याचे आडनाव झाले आहे. मुले, सुना, नातवंडे सगळेच ते लावतात. त्यात कुणाची फसवणूक नाही. गावातल्या 'पाटील' किंवा 'देशमुख' या वतनाच्या नावांचे जे झाले तेच हे. कायद्याच्या बाजूने पाहिले तर १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही संपवले, त्यामुळे सरकारदरबारी हा किताब कुणाचाच नाही. पण कोल्हापुरात कुणी नुसते 'महाराज' म्हणाले, तर ऐकणाऱ्याला ते कुणाबद्दल आहे हे विचारावे लागत नाही.

घरातल्या हाका मात्र किताबांहून जास्त उपयोगी आहेत, आणि नावांच्या गुंत्यावरचा उपायही त्यांच्यातच आहे. पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे लावण्याची रीत आपल्याकडे साहेबाच्या कारभारातून आली. शिवाय कुणी आकडे रायगडापासून मोजतो, कुणी कोल्हापूरपासून, म्हणून एकाच राजाराम महाराजांना एका पुस्तकात दुसरे आणि दुसऱ्या पुस्तकात तिसरे म्हटलेले सापडते. वाड्यावर ही अडचण नव्हती. १८१३ ते १८२१ या काळातले शंभू महाराज म्हणजे आबासाहेब, ज्यांचा वाड्यातच खून झाला. त्यांच्यामागे गादीवर आलेले भाऊ शहाजी म्हणजे बावासाहेब. १८३८ ते १८६६ चे शिवाजी महाराज म्हणजे बाबासाहेब. बावा आणि बाबा यांत एका अक्षराचा फरक आहे आणि मोडीत तो चटकन निसटतो, एवढे सांभाळा. वंशावळीत आकड्यांऐवजी ही नावे आणि कारकिर्दीची वर्षे द्या. गोंधळ उरणार नाही.

स्त्रियांच्या हाकांतही शिस्त आहे. थोरली मुलगी अक्कासाहेब, राजमाता आईसाहेब. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई यांना सगळे कोल्हापूर 'अक्कासाहेब महाराज' म्हणत असे. मुलीलाही 'महाराज' म्हणण्याची ही रीत बाहेरच्यांना नवी वाटते. नावामागचा 'राजे'सुद्धा तसाच: संभाजीराजे, मालोजीराजे, आणि तितक्याच सहजपणे शालिनीराजे, पद्माराजे, संयोगिताराजे. जुन्या पत्रांत स्त्रीचा मायना तिच्या सौभाग्यावरून बदलतो. नवरा हयात असेल तर 'वज्रचूडेमंडित', वारला असेल तर 'गंगाजलनिर्मल'. एकाच राणीची दोन पत्रे हातात आली आणि मधल्या काळात मायना बदललेला दिसला, की राजा कधी गेला हे तारखेशिवायही कळते. गेलेल्या राजाला 'कैलासवासी' म्हणत, आणि शिवछत्रपतींचा उल्लेख 'थोरले कैलासवासी स्वामी' असा येतो. हे शब्द वाचताना माझा हात अजूनही क्षणभर थांबतो.

इंग्रजी अमलात वरून आणखी किताब आले. 'महाराजा' हा वंशपरंपरेचा किताब म्हणून इंग्रजांनी १९०० मध्ये मान्य केला, १९ तोफांची सलामी ठरली, आणि शाहू महाराजांच्या नावाला सर आणि जी.सी.एस.आय. लागले. केंब्रिज विद्यापीठाने १९०२ मध्ये त्यांना एल.एल.डी. ही पदवी दिली. हे सगळे खरे, पण मराठी माणसाच्या जिभेवर राहिला तो 'राजर्षी', आणि तो कुठल्याच सरकारने दिलेला नाही. १९१९ च्या एप्रिलमध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजाच्या परिषदेत लोकांनी तो दिला. तो त्या एका माणसाचा आहे. गादीबरोबर पुढच्याला मिळत नाही, म्हणून आजच्या शाहू महाराजांच्या नावाआधी 'राजर्षी' लिहू नका. तुमच्या मसुद्यात एका ठिकाणी ते झाले आहे.

गादीभोवतीच्या सरदारांचे किताब हा वेगळाच खजिना आहे. करवीरचे नऊ मोठे जहागीरदार होते: विशाळगडचे पंतप्रतिनिधी, बावड्याचे पंतअमात्य, कागलच्या दोन घाटगे शाखा, कापशीचे सेनापती घोरपडे, तोरगलचे शिंदे, इचलकरंजीचे घोरपडे, हिंमतबहाद्दर चव्हाण आणि सरलष्कर निंबाळकर. यांतले कित्येक किताब राजाराम महाराजांच्या पडत्या काळातले. 'हिंमतबहाद्दर' विठोजी चव्हाणांना मिळाला, 'ममलकतमदार' संताजी घोरपड्यांच्या घरात आला, रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' म्हणजे राज्याचा आधार. शब्द फारसी, पण दिले मराठ्यांच्या छत्रपतींनी, आणि तेही मोगलांशी लढल्याबद्दल. कुणी विचारले तर हे जरूर सांगा. त्या काळी दरबाराची भाषा कशी होती हे यातून मुलांना कळते.

आता दत्तक. इथे थोडा वेळ थांबू, कारण घराण्याचा खरा इतिहास इथेच आहे.

राजसबाईंचे पुत्र संभाजी महाराज १७६० मध्ये निपुत्रिक वारले. पेशवे बाळाजी बाजीरावांना कोल्हापूरची गादी साताऱ्यात मिळवून टाकायची होती. संभाजी महाराजांच्या राणी जिजाबाई यांनी ते होऊ दिले नाही. पानिपतानंतर नानासाहेब, म्हणजे हेच बाळाजी बाजीराव, वारले, माधवराव पेशवे झाले, आणि १७६२ मध्ये जिजाबाईंनी भोसल्यांच्याच खानवटकर शाखेतला मुलगा दत्तक घेतला. त्याचे घरचे नाव माणकोजी. गादीवर तो शिवाजी झाला. १७७३ पर्यंत राज्य जिजाबाईंनीच चालवले, आणि त्यांनी निवडलेल्या त्या मुलाने १८१३ पर्यंत, म्हणजे अर्धे शतक राज्य केले. राजधानी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली तीही त्याच्याच काळात. पहिल्या दत्तकानेच गादीला सर्वांत लांब कारकीर्द दिली.

पुढचा टप्पा १८६६ चा, आणि तो समजायला आधी १८४८ कडे जावे लागते. त्या वर्षी साताऱ्याचे शहाजी महाराज वारले. मरण्याआधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नामंजूर केला आणि सातारा खालसा झाले. त्यानंतर १८५७ झाले. कोल्हापुरातही त्या जुलैअखेर पलटण उठली. बाबासाहेबांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय आला, त्यांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले आणि १८६९ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. गादीवरचे बाबासाहेब मात्र इंग्रजांशी जुळवून राहिले. उठावानंतर सरकारने दत्तक नामंजूर करण्याचे धोरण सोडले आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. १८६२ मध्ये कोल्हापूरशी तहही झाला. म्हणून १८६६ मध्ये बाबासाहेबांनी मृत्युशय्येवर बहिणीचा मुलगा नागोजीराव पाटणकर याला दत्तक घेतले तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. सातारा गेले आणि कोल्हापूर राहिले, यात अठरा वर्षांचे अंतर आहे. एका भावाने कराचीत हद्दपारी भोगली आणि दुसऱ्याच्या सहीने गादी वाचली, हे दोन्ही एकाच घरात घडले. मला यातला कुठलाही भाऊ लहान वाटत नाही.

नागोजीराव गादीवर राजाराम झाले. वीस वर्षांचा हुशार तरुण, इंग्लंडला जाऊन आला, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारला. आर्नो नदीच्या संगमावर हिंदू पद्धतीने अग्नी दिला गेला. तिथे आजही त्यांची छत्री आणि अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलाला तिथले लोक 'त्या भारतीयाचा पूल' या अर्थाच्या नावाने ओळखतात. ती छत्री ज्या मेजर चार्ल्स मँटने रचली, त्यानेच पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला.

मग १८७१ मध्ये नारायणराव दत्तक आले आणि शिवाजी झाले. त्यांचे आयुष्य दुःखाचे. मन बिघडले आहे असे ठरवून त्यांना पहाऱ्यात ठेवले गेले, छळाच्या बातम्या बाहेर आल्या. दिवाणावर लिहिल्याबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, ते याच प्रकरणात. डिसेंबर १८८३ मध्ये हे शिवाजी महाराज अहमदनगरला वारले. त्यांच्या राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ ला कागलच्या जयसिंगराव आबासाहेब घाटग्यांचा दहा वर्षांचाही नसलेला मुलगा दत्तक घेतला. यशवंतराव घाटगे. तेच शाहू महाराज.

हे एकदा नीट पाहा. ज्यांच्या नावाने आज महाराष्ट्र स्वतःला 'फुले-शाहू-आंबेडकरांचा' म्हणवतो, ते स्वतः दत्तक आहेत. २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारे छत्रपती जन्माने घाटगे होते. दत्तकाला कमी लेखणाऱ्याने आधी याचे उत्तर द्यावे.

शाहू महाराजांना राजाराम आणि शिवाजी हे दोन मुलगे झाले. धाकटे प्रिन्स शिवाजी १९१८ मध्ये शिकारीत अपघाताने गेले, लग्नाला जेमतेम वर्ष झाले असताना. मागे राहिल्या इंदुमती, वय अकरा-बारा. महाराजांनी या सुनेला जनान्यात कोंडून न ठेवता सोनतळीला ठेवून शिकवले. घरातला विरोध आणि बाहेरची कुजबुज दोन्ही त्यांनी सोसली. इंदुमती राणीसाहेबांनी पुढे कोल्हापुरात स्त्रियांच्या शिक्षणासाठी जन्मभर काम केले. वंशावळीत त्यांच्या खाली रेघ जात नाही म्हणून तुम्ही त्यांचे नावच घेतलेले नाही. घ्या. मुलांना त्यांचे नाव माहीत व्हायला हवे.

राजाराम महाराज १९४० मध्ये वारले. पुत्र नव्हता. त्यांच्या महाराणी ताराबाईंनी एक तान्हे बाळ दत्तक घेतले, त्याचे नाव शिवाजी ठेवले, ते १९४६ मध्ये गेले. मग १९४७ मध्ये देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या शाखेचे, महाराज विक्रमसिंह पवार यांना दत्तक घेऊन आणले. स्वतःच्या संस्थानावर राज्य करणारा प्रौढ राजा आपली गादी मुलाला देऊन दुसऱ्या गादीवर दत्तक आला, असे क्वचितच होते. कोल्हापुरात ते शहाजी महाराज झाले. १ मार्च १९४९ ला संस्थानचे विलीनीकरण झाले ते त्यांच्याच काळात. त्यांनी नागपूरकर भोसल्यांच्या घरातला दिलीपसिंह हा मुलगा १९६२ मध्ये दत्तक घेतला. तेच आजचे शाहू छत्रपती महाराज, २०२४ पासून कोल्हापूरचे खासदार.

तुमच्या वंशावळीत इथे दोन तुटक रेघा आहेत आणि पुढे तुम्ही प्रश्नचिन्ह दिले आहे. आता तोच भाग बायकांच्या बाजूने काढून पाहा. देवासचे विक्रमसिंह कोण? अक्कासाहेब महाराजांचे, म्हणजे राजर्षी शाहूंच्या मुलीचे पुत्र. दिलीपसिंह कोण? विक्रमसिंहांच्या कन्या शालिनीराजे यांचे पुत्र. म्हणजे राजर्षी शाहू, त्यांची मुलगी अक्कासाहेब, तिचा मुलगा शहाजी महाराज, त्यांची मुलगी शालिनीराजे, आणि त्यांचे पुत्र आजचे महाराज. ही पाच पिढ्यांची अखंड रक्ताची साखळी आहे. पुरुषांच्या वंशावळीत ती दिसत नाही, कारण दोन ठिकाणी ती मुलींमधून जाते. कोल्हापूरच्या दत्तकांत बहिणीचा मुलगा, मुलीचा मुलगा पुन्हा पुन्हा येतो. माहेर तुटू न देणाऱ्या मुलींनी ही गादी भरून ठेवली असे मी म्हणतो, आणि हे म्हणताना माझ्यासमोर कागद आहेत.

आता तुमचा तिसरा प्रश्न. शिवछत्रपतींपासून पुरुषांच्या बाजूने आजपर्यंत अखंड रक्तवंश आहे का? नाही. १७६० मध्येच ती धार थांबली. साताऱ्याकडेही दत्तक झालेले आहेत. धर्मशास्त्र, देशरिवाज आणि आजचा कायदा, तिन्हींच्या मते दत्तक पुत्र हा पुत्रच. त्यामुळे 'वंशज' हा शब्द योग्य आहे. 'रक्ताचे थेट वंशज' असे मात्र लिहू नका. जे सिद्ध आहे तेवढेच लिहिले तर घराण्याचा मान कणभर कमी होत नाही.

नावांचा उलगडाही आता झाला असेल. माणकोजी, नागोजीराव, नारायणराव, यशवंतराव, विक्रमसिंह, दिलीपसिंह अशी वेगवेगळ्या घरांतली नावे वाड्याच्या दारात उतरली आणि आत शिवाजी, राजाराम, शिवाजी, शाहू, शहाजी, शाहू अशी झाली. दत्तकविधानातच नवे नाव ठेवले जाते. म्हणून या नावांची पुनरावृत्ती म्हणजे कल्पनेचा तुटवडा मानू नका. 'मी या गादीचा झालो' ही प्रत्येकाने घेतलेली शपथ आहे ती.

परंपरांबद्दल तुम्ही एकाच ओळीत विचारले आहे. त्यातला सर्वांत जिवंत भाग नवरात्र-दसऱ्याचा. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी शहराबाहेरच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या भेटीला जाते. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि घराण्यातली मंडळी हजर असतात. अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते आणि भवानी मंडपात तुळजाभवानीशी तिची भेट होते. दसऱ्याला जुन्या राजवाड्यातली तुळजाभवानी, गुरुमहाराज आणि अंबाबाई अशा तीन पालख्या दसरा चौकात येतात. पूर्वी याला चौफाळ्याचा माळ म्हणत. महाराज राजाराम महाराजांच्या काळातल्या मेबॅक मोटारीतून येतात. ती मोटार एरवी बाहेर निघत नाही. सूर्यास्ताच्या सुमारास लकडकोटात शमीपूजन होते, सलामी झडते, आणि त्या क्षणी सोने लुटायला जो लोंढा धावतो, त्यात सरदार आणि रिक्षावाला खांद्याला खांदा लावून असतात. मुलांना हे दाखवायला न्या. मानकऱ्यांचे फेटे आणि जामे पाहून अर्धा इतिहास त्यांच्या आपोआप ध्यानात येतो.

धार्मिक विधींच्या रीतीत एक मोठा बदल शाहू महाराजांनी केला, तो सांगितल्याशिवाय परंपरेचे चित्र अपुरे राहील. १८९९ मध्ये पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी आपल्यासाठी वेदांतले नव्हे तर पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले मंत्र म्हटले जातात हे त्यांच्या ध्यानात आले. ज्या गादीचा मूळपुरुष वैदिक मंत्रांनी अभिषिक्त झाला, त्या गादीवरच्या छत्रपतीला वेदमंत्रांचा अधिकार नाही, असे राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी ठरवले. महाराजांनी आज्ञा केली, राजोपाध्ये ऐकेनात, तेव्हा त्यांचे वतन जप्त झाले. पुढे १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापन झाले आणि मराठा पुरोहित तयार करणारी शाळा निघाली. म्हणून या घराण्यात 'परंपरा' म्हणताना मी नेहमी विचारतो की कुठल्या सालापासूनची. काही रूढी तीनशे वर्षांच्या आहेत. काही एका राजाने अपमान गिळायचे नाकारले तेव्हा सुरू झाल्या.

आजची मंडळी थोडक्यात: शाहू छत्रपती महाराज, त्यांच्या पत्नी याज्ञसेनीराजे, थोरले पुत्र संभाजीराजे आणि धाकटे मालोजीराजे. संभाजीराजे २०१६ ते २०२२ राज्यसभेवर होते आणि ६ जूनचा रायगडावरचा शिवराज्याभिषेक सोहळा त्यांच्या पुढाकाराने होतो. मालोजीराजे कोल्हापूरचे आमदार होते. सुना संयोगिताराजे आणि मधुरिमाराजे. 'युवराज' थोरल्या मुलाला म्हणतात.

वंशावळ पुन्हा काढाल तेव्हा एवढे करा. रक्ताच्या नात्याला सलग रेघ, दत्तकाला तुटक. दत्तकाच्या प्रत्येक नावाखाली लहान अक्षरांत जन्मनाव आणि मूळ घराणे. आणि मुलींना चौकटी द्या, नुसत्या मुलांना नको. अक्कासाहेबांपासून रेघ देवासकडे न्या आणि विक्रमसिंहांवरून परत कोल्हापुरात आणा. शालिनीराजेंवरून ती नागपूरला न्या आणि पुन्हा कोल्हापुरात आणा. कागद आडवा घ्यावा लागेल, उभ्या पानात ते मावत नाही. काढून झाले की मला पाठवा. सालांवर एकदा नजर टाकून देईन, आणि छपाईला जाण्याआधी बावासाहेब-बाबासाहेब हे दोघे जागेवर आहेत ना, तेही बघेन.